ग्रॅब बार लावण्याआधी टाइल ठोकून बघा

कमोडशेजारी ग्रॅब बार (धरून उठा-बसायचा, भिंतीत पक्का केलेला दांडा) हवाच, हे बाथरूम सुरक्षित करण्याबद्दलच्या लेखात म्हटलंय ते अगदी बरोबर. पण बार धरून ठेवते ती भिंत, आणि तिचा विषय राहिलाय. सांगलीत 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी शिरलेल्या घरांत टाइलमागचा गिलावा सुटलेला असू शकतो. नाण्याने टाइल ठोका. आवाज पोकळ आला तर तिथे भोक पाडूच नका. साताऱ्याकडच्या जुन्या दगड-मातीच्या भिंतीत फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) आवळला की नुसता फिरत राहतो. तिथे जमिनीवर पाय टेकणारा बार घ्यावा. चार इंची विटेच्या भिंतीला आरपार बोल्ट आणि पलीकडून स्टीलची पट्टी, म्हणजे ओढ एका विटेवर येत नाही. स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती प्लास्टिकची गिट्टी टॉवेल रॉडपुरतीच, माणसाच्या वजनाला ती उपटून येते. व्हॅक्यूमवाले, म्हणजे रबरी कपाने टाइलला नुसते चिकटणारे बार तर कृपा करून आणूच नका, खरबरीत टाइलवर ते कधी सुटतील सांगता येत नाही.

टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवा, नाहीतर तडा ठरलेला. भोकात सिलिकॉन भरा. बारची नळी 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची, 32 ते 38 मिमी व्यासाची. बार आणि भिंत यांत साधारण 40 मिमी अंतर पुरे. जास्त ठेवलं तर हात घसरून आत अडकतो. आडवा बार सीटच्या 8-9 इंच वर, सीट जमिनीपासून 18 इंच.

आणि दार बाहेर उघडणारं करून घ्या. आत पडलेलं माणूस दाराला अडलं तर आत जायचं कसं?