'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

'स्पष्टवक्ता' यांस,

वाढलेल्या गुरुत्वाचा सजीवांवर काय परिणाम होतो, या माझ्या लेखाखाली तुम्ही रात्री पावणेदोनला प्रतिक्रिया टाकलीत. मुद्दे बरेच आहेत, पण मी पहिल्याच ओळीत अडकलो: 'गरागरा फिरवणं म्हणजे गुरुत्व वाढवणं नव्हे. शाळकरी चूक. आधी अभ्यास वाढवा.' मतभेद असू द्या हो, पण 'अभ्यास वाढवा'? टोपणनावाआडून स्पष्ट बोलायला काय जातं!

एक चूक मान्य. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांच्या १९५४ च्या रॉकेट-स्लेडचा (रुळांवरून रॉकेटनं ढकललेली गाडी) वेग मी ताशी १०१७ मैल लिहिला, तिथे किलोमीटर हवं होतं. दुरुस्त केलंय, आभार. (थांबताना त्यांनी ४६ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या ४६ पट जोर, सोसला, हा आकडा बरोबर होता. त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.)

आता ते 'गरागरा'. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ टॉमस नाइट यांचा १८०६ चा प्रयोग लेखात होता, वाचायचे कष्ट घेतले असतेत तर दिसला असता. पाण्यावर फिरणारं ११ इंची चाक, कडेला भिजवलेल्या बिया. चाक आडवं ठेवून मिनिटाला २५० फेरे दिले, तर मुळं जवळजवळ आडवी होऊन बाहेर धावली, कोंब आसाकडे वळले. फेरे ८० वर आणले तेव्हा मुळं ४५ अंशांत तिरपी उतरली. गणित तुम्हीच करून बघा: एवढ्या चाकाच्या कडेला ८० फेऱ्यांनी जेमतेम १ जी येतो. खाली ओढणारी पृथ्वी आणि बाहेर फेकणारं चाक समसमान, म्हणून मुळानं बरोबर मधली वाट धरली. त्या बीला दोन्हींत फरक दिसला नाही, तुम्हाला दिसतो.

आणि मी २१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलीत. ईएसआरची (रक्तातल्या पेशी किती वेगानं खाली बसतात, ती तपासणी) नळी स्टँडला उभी लावायची आणि घड्याळ बघत बसायचं. तासाभरात तांबड्या पेशी काही मिलिमीटर खाली बसतात. तेच रक्त सेंट्रिफ्यूजला (नळ्या गरागरा फिरवणारं मशीन) मिनिटाला ३००० फेऱ्यांवर लावा, दहा मिनिटांत खाली लाल गोळा, वर पिवळसर पाणी. तिथे साधारण १५०० जी असतात. पेशी त्याच, वजन वाढलं एवढंच. पहिल्याच आठवड्यात समोरच्या खाचेत तोल साधणारी जोडीची नळी ठेवायला मी विसरलो, तर मशीन थडथडत टेबलाच्या कडेपर्यंत चालत गेलं होतं. फिरवणं म्हणजे काय, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

बाकीच्या मुद्द्यांत वेळ घालवत नाही. जपानमध्ये २०११ साली ई. कोलाय हे जिवाणू ४ लाख जीवरही वाढताना दिसले, हे तुम्हाला 'सनसनाटी' वाटतं. वाटो. माणूस पाच-सहा जीला बेशुद्ध पडतो आणि जिवाणूला काही होत नाही, यामागे आकाराचं कारण आहे आणि लेखात ते नाही, म्हणता. माणसाचं रक्त जड झालं की हृदयाला ते डोक्यापर्यंत चढवता येत नाही; पण मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) पेशीत वरपासून खालपर्यंत दाबाचा फरक पडणार तो किती? कुणालाही सुचेल म्हणून लिहिलं नाही, इतकंच.

तुमची दुसरी प्रतिक्रिया अडवून ठेवली आहे. त्यातला 'लॅबवाला' हा शब्द काढलात तर प्रसिद्ध करतो.