‘सातव्या लाटेनंतर जहाज स्थिर होते’ या दाव्याबाबत खुलासा

समुद्रात दर सातवी लाट मोठी असते आणि ती ओसरल्यावर जहाज स्थिर होत असल्यामुळे हेलिकॉप्टरचा वैमानिक लाटा मोजून उतरतो, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील आकडा निराधार आहे.

वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळत असल्याने मोठ्या लाटांचे पुंजके आणि त्यांच्या मधले शांत अवकाश निर्माण होतात, हे खरे. परंतु त्या पुंजक्यात किती लाटा असाव्यात याचा कोणताही नियम समुद्राने पाळलेला नाही. शिवाय डेक किती हलेल हे केवळ लाटेच्या उंचीवर नव्हे, तर जहाजाचा वेग, दिशा आणि त्याची स्वतःची डोलण्याची लय यांवरही अवलंबून असते. म्हणून लहान युद्धनौकेवर उतरताना हेलिकॉप्टर डेकजवळ तरंगत थांबते, डेकवरील अधिकारी जहाजाची हालचाल न्याहाळतो आणि काही सेकंदांची उसंत मिळताच ते खाली येते.

विमानवाहू नौकेवर डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत शेपटीकडचा हुक अडकवून उतरणाऱ्या विमानाला अशी वाट पाहताच येत नाही, कारण ते तरंगत थांबू शकत नाही. तेथे जहाज डोलले तरी स्थिर राखलेल्या (स्थिरीकृत) दिव्यांची यंत्रणा योग्य उताराचा मार्ग दाखवते. डेकची स्थिती प्रतिकूल दिसल्यास अधिकारी ‘परत फिरा’ असा इशारा देतो. चाके टेकताच वैमानिक इंजिनाची शक्ती वाढवतो (ऐकायला हे उलटेच वाटते), कारण हुक तारेत न अडकल्यास त्याला लगेच पुन्हा उड्डाण करावे लागते.