मामीच्या माळ्यावरची खोकी

आज भुसावळला नात्यातल्या एका साखरपुड्याला गेले होते. वरण-बट्टीची पंगत उठली, मंडळी मंडपात निवांत बसली आणि बोलणे जगाच्या राजकारणावर, जुलमी राजवटींच्या देशांवर गेले. चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी ठासून सांगितले, "असल्या देशांची सगळी आर्थिक नाकेबंदी केली पाहिजे. सहा महिने अन्नाला मोताद झाले, की आपोआप सरळ येतात." चार जणांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी माझे मामा बसले होते. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि काही न बोलता ते चपला शोधायला उठले. कार्य दुसऱ्याचे होते, म्हणून मीही तिथे गप्प राहिले. घरी आल्यावर मात्र राहवत नाही.

मामा रावेर तालुक्यातले केळीवाले. २०१९ साली त्यांच्या शेतात साडेतीन हजार खोड उभे होते आणि पहिल्यांदाच त्यांनी सगळा बाग निर्यातीच्या हिशोबाने सांभाळला होता. केळफूल वेळेवर तोडले, खालच्या फण्या काढून टाकल्या, प्रत्येक घडावर पिशवी चढवली, कारण सालीवर नखाएवढा डाग असला तरी परदेशी माल बाजूला निघतो. माल इराणला जाणार होता. तेरा-तेरा किलोची खोकी, थंड कंटेनर, मुंबईचे बंदर आणि तिथून इराणचे बंदर अब्बास, एवढा सगळा रस्ता मामांना तोंडपाठ झाला होता. आयुष्यात कधी समुद्र न पाहिलेली मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, की आमची केळी जहाजात बसणार आहेत. क्विंटलमागे तीन-चारशे रुपये जास्त सुटणार होते.

जूनमध्ये नवतीची, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीची, कापणी तोंडावर आली आणि व्यापाऱ्याचा फोन आला, की माल भरायचा नाही. आधीच्या कंटेनरचे पैसे अडकले आहेत आणि बँक कागदांवर शंका काढते आहे. मी त्या व्यापाऱ्याला दोष देत नाही. तोही बुडालाच होता. पण केळी थांबत नाहीत, आणि त्यात तो वाऱ्या-वादळाचा हंगाम. एक वावटळ आली तर भरलेले खोड कमरेत मोडून पडते. मामांनी मिळेल त्या गाडीला, मिळेल त्या भावात माल दिला आणि शेवटचे घड वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, भावात गेले. त्या वर्षी सोसायटीचे कर्ज फिटले नाही, नुसते नवं-जुनं झाले. मामा त्या दिवशी बांधावर बसून एवढेच म्हणाले होते, "आपल्या केयीनं कोनाचं काय वाकडं केलं होतं?"

हे का घडले, ते मला पुढे वाचून वाचून समजले, आणि समजल्यावर राग कमी न होता वाढलाच. अमेरिकेने मे २०१८ मध्ये इराणशी झालेला अणुकरार मोडला आणि त्याच वर्षी ऑगस्ट व नोव्हेंबरमध्ये निर्बंध पुन्हा लादले. इराणशी डॉलरमध्ये व्यवहार करणे अवघड असल्यामुळे आपण तेलाचे पैसे कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत जमा करत होतो आणि त्याच रुपयांतून आपल्या निर्यातदारांचे देणे भागत होते. मे २०१९ मध्ये इराणी तेल घेण्यासाठी भारताला अमेरिकेकडून मिळालेली सवलत संपली, आपण इराणी तेल घेणे थांबवले, म्हणजे त्या खात्यात नवे पैसे येणे थांबले. विहिरीचा झरा बुजवल्यावर मोट किती दिवस चालणार? आणि कागदावर बघाल तर अन्न आणि औषध यांना या निर्बंधांतून सूट आहे. केळी हे अन्नच आहे ना? पण बँकेला दंडाची भीती, जहाजवाल्याला भीती, विमेवाल्याला भीती. सूट कायद्यात राहते आणि माल शेतात राहतो. केळ्याचे हे, तर तिकडे कर्करोगाच्या औषधाची वाट बघणाऱ्या घरात काय होत असेल, याचा विचार त्या मंडपातल्या माना डोलावणाऱ्यांनी कधी तरी केला असेल का?

इराणचे सरकार चांगले आहे, असे मी म्हणत नाही. २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुण मुलीचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला आणि तिच्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या मुलींवर तिथल्या राजवटीने जे केले, ते बघून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. पण त्या मुलींच्या घरातला तांदूळ महाग करून त्या राजवटीचे काय बिघडले? ज्याच्या हातात बंदूक आणि बंदर दोन्ही आहे, त्याचा चोरटा व्यापार नाकेबंदीत उलट फोफावतो. बुडतो तो सरळ मार्गाने दुकान चालवणारा.

इराकमध्ये तर हे सगळ्या जगाने पाहिले. सद्दामने कुवेत गिळले आणि ६ ऑगस्ट १९९० रोजी संयुक्त राष्ट्रांनी इराकचा जवळपास सगळा व्यापार बंद केला. तेलाच्या बदल्यात अन्न देण्याची योजना प्रत्यक्षात सुरू व्हायला १९९६ चा डिसेंबर उजाडला. मधल्या वर्षांत लोक जगले ते सरकारी रेशनवर, म्हणजे ज्या सद्दामला दुबळे करायचे होते, त्याच्याच हातात घराघराच्या पिठाच्या डब्याची किल्ली गेली. संयुक्त राष्ट्रांचे तिथले मदतकार्य सांभाळणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये या निर्बंधांचा निषेध करून राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक हेही २००० मध्ये तसेच बाहेर पडले. सद्दाम खुर्चीवरून हलला तो २००३ मध्ये, तोही फौजेने. तेरा वर्षे, हो! सहा महिने म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. आणि क्यूबा? अमेरिकेने १९६२ मध्ये तिथला व्यापार तोडला, आणि तिथले पुढारी फिडेल कॅस्ट्रो २०१६ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारले.

वर्णभेदी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण लगेच पुढे येईल, आणि ते मला मान्य करावे लागेल. तिथे बहिष्काराचा उपयोग झाला. तो देशही उगाच वाकला नाही: १९७७ मध्ये शस्त्रबंदी आली, १९८५ मध्ये परदेशी बँकांनी कर्जाची मुदत वाढवून देणे थांबवले, १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रेगन यांचा नकाराधिकार बाजूला सारून कायदा केला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला तुरुंगातून बाहेर आले. पण दोन गोष्टी विसरू नका. त्या देशाशी व्यापार तोडणारा पहिला देश आपण होतो, १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी. आणि तो तोटा आपल्या गरीब देशाने स्वतः सोसला. दुसरे, आमच्या देशाचा माल घेऊ नका, हे तिथल्या काळ्या जनतेच्या नेत्यांनीच जगाला सांगितले होते. १९५९ मध्ये अल्बर्ट लुथुली यांनी ब्रिटिश लोकांना तसे आवाहन केले. ज्याला झळ बसणार, त्यानेच ती मागून घेतली होती. आमच्या मामांना कोणी विचारले होते? तेहरानच्या फळवाल्याला कोणी विचारले होते?

आणि बहिष्कार हा शब्द आम्हा खान्देशकरांना शिकवायची गरज नाही. मामांच्या गावापासून जवळच फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले खेड्यातले अधिवेशन भरले. माझे पणजोबा बैलगाडी जोडून गेले होते आणि त्यानंतर मरेपर्यंत खादीच नेसले. जाडेभरडे धोतर उन्हाळ्यात अंगाला टोचते, ते त्यांचे त्यांनाच टोचत होते. विलायतेतल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांचे आपल्या बहिष्कारामुळे नुकसान झाले, हे खरेच आहे. पण १९३१ मध्ये गांधीजी विलायतेला गेले, तेव्हा त्याच लँकेशायरमध्ये जाऊन त्या बेकार कामगारांसमोर उभे राहिले, त्यांचे ऐकून घेतले आणि आपल्याकडचे दारिद्र्य त्यांना समजावून सांगितले. आज निर्बंधांच्या कागदावर सही करणारा कोणता पुढारी त्या गावी जाऊन तिथल्या बायकांच्या डोळ्यांना डोळे देतो?

हेतूंचे म्हणाल तर ते मला फार वेळा स्वच्छ दिसत नाहीत. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्ये अमेरिकेने रशियाचे तेल स्वतःपुरते बंद केले. पण स्वतःच्या अणुभट्ट्यांना लागणाऱ्या रशियन समृद्ध युरेनियमवर बंदीचा कायदा करायला २०२४ उजाडले, आणि त्यातही २०२७ अखेरपर्यंत सवलतीची सोय ठेवली. स्वतःची भट्टी विझू द्यायची नाही आणि दुसऱ्याची चूल विझवायची. मग ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाचे तेल घेतल्याची शिक्षा म्हणून आपल्या मालावर पंचवीस टक्के जादा कर लावला आणि एकूण कर पन्नास टक्क्यांवर नेला. त्याच महिन्यात कापड उद्योगाला आधार म्हणून आपल्या सरकारने कापसाच्या आयातीवरचे अकरा टक्के शुल्क उठवले. इकडे धरणगाव-चोपड्याच्या रानात कापसाची बोंडे धरू लागली होती. युद्ध कुठले, तेल कोणाचे, आणि धाकधूक कोणाच्या जिवाला! आयात कर म्हणजे बहिष्कार नव्हे, असे कोणी म्हणेल. ते शब्दापुरते खरे आहे.

एक गोष्ट लिहू की नको असे वाटत होते, पण लिहितेच. आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळने नवी राज्यघटना स्वीकारली आणि त्यानंतर सीमेवर काही महिने मालाच्या गाड्या अडकल्या. आपले सरकार म्हणत होते, की आम्ही काहीही अडवलेले नाही, सीमेपलीकडच्या आंदोलनामुळे गाड्या थांबल्या आहेत. नेपाळी माणूस त्याला नाकेबंदीच म्हणतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्याकडे भूकंप झालेला होता, आणि ऐन थंडीत लोक गॅस नाही म्हणून लाकडे फोडत होते. पुढच्या मार्चमध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. एवढेच काय ते साधले. १९९८ मध्ये पोखरणनंतर आपल्यावर निर्बंध आले, तेव्हा आपण सगळे ताठ मानेने एक झालो होतो, हे आठवत असणाऱ्यांना नेपाळी माणसाचे मन कळायला अवघड जाऊ नये.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. त्या गृहस्थांच्या मनात दुष्टपणा नसावा. जुलूम करणाऱ्याला कोणी तरी धडा शिकवावा, असे मलाही वाटते. मग करायचे काय, असे कोणी विचारील, तर त्या जुलमी माणसांची परदेशातली घरे आणि खाती आधी गोठवा, त्यांना शस्त्रे विकू नका, एवढे तरी मला सुचते. पण बाजार बंद करण्याआधी त्या बाजारात कोण बसलेला असतो, ते बघून यावे.

त्या वर्षी व्यापाऱ्याने आधीच आणून टाकलेली शे-दीडशे रिकामी खोकी मामांच्या खळ्यात राहून गेली. त्यांवर फारसी अक्षरे छापलेली आहेत. मामीने ती फेकली नाहीत. कशात लसूण, कशात कुरडया, कशात नातवंडांची जुनी पुस्तके, अशी ती माळ्यावर रचलेली आहेत. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने ती अक्षरे वाचून दाखवली होती: मोज़, म्हणजे केळे. तेव्हा मामीने विचारले होते, "मग तिथल्या पोरांनी त्या वर्षी काय खाल्लं असेल?" स्वतःचा बाग मातीमोल गेलेला, आणि हिला त्या पोरांची काळजी.

आज भुसावळहून निघताना मामीने माझ्या हातात असेच एक खोके दिले. आत उडदाचे पापड आहेत. खोक्याची कड दमट होऊन फाटली आहे, पण बाजूची हिरवी अक्षरे अजून ठळक आहेत. मामा गाडीत पुढे बसले होते. मी विचारले, "मामा, त्यांना काही का बोलला नाहीत?" ते म्हणाले, "त्यांना केयी कापलेली कुठं ठाऊक आहे, बाई." त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, आणि ते डाग कितीही धुतले तरी निघत नाहीत.