‘चार नटांची चैन’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेला आठवडाभर एक मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो मामांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: महापालिकेने नाट्यगृह, जुन्या इमारती, कलेचे कार्यक्रम यांवर एक पैसाही घालू नये. रस्त्यांत खड्डे आहेत. नाटक हे महापालिकेचं कामच नाही. त्यातून चार नटांची चैन होते, रोजगार मिळत नाही. शाहू महाराजांनी धरण बांधलं, नाटकं केली नाहीत. हवंच असेल तर नाट्यगृह खासगी माणसाला देऊन टाका.

मी गप्प बसणार होतो. पण त्याच ग्रुपवर मावशी आहे. तिचा मुलगा वीस वर्षं नाटकांना लाइट करतो. तिने फोन करून विचारलं, “आमच्या पोराचं काम म्हणजे चैन होय रे?”

आधी शाहू महाराजांचं घेतो, कारण तिथे माझं डोकंच फिरलं. राधानगरी धरणाचं काम महाराजांनी सुरू केलं, खरं आहे. पण 1912 चं खासबाग कुस्ती मैदान कुणी बांधलं? त्याला लागून 1915 मध्ये पॅलेस थिएटर कुणी उभं केलं? त्यांनीच. तेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. गायक अल्लादियाँ खाँसाहेबांना दरबारात आश्रय देणारेही तेच. महाराजांचं नाव घेऊन त्यांनीच बांधलेल्या वास्तूवर खर्च नको म्हणायचं, आणि वर ते पोरांना पाठवायचं, हे मला सहन होत नाही.

आता रोजगार. मामा, प्रयोगाच्या दिवशी एकदा नाट्यगृहाच्या मागच्या दाराला उभे राहा. टेम्पो लागतो. चार-पाच जण सेटचे फ्लॅट, म्हणजे रंगवलेल्या चौकटी, उतरवतात, खिळे ठोकून, दोऱ्या ताणून घर उभं करतात. कपडेपटवाला इस्त्री काढून बसतो. मावशीचा पोरगा शिडीवर चढून एकेक स्पॉट हाताने फिरवतो, तापलेला असतो म्हणून फडकं गुंडाळून. शिवाय साउंडवाला, मेकअपवाला, दारावरचे, मध्यंतरात वडे तळणारा. यातल्या बहुतेकांना पगार नसतो, ‘नाइट’ मिळते, म्हणजे त्या प्रयोगापुरते पैसे. प्रयोग झाला तर नाइट, नाही तर घरी. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृह जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्यानंतर हा पोरगा सांगली, इचलकरंजी करत फिरला. एका नाइटसाठी जाता-येता पेट्रोल घालून हातात काय उरत असेल, मांडा हिशेब.

आणि कलेने पोट भरत नाही हे कोल्हापुरात बसून म्हणायचं? बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. त्याच माणसाने इथे कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 मध्ये ‘सैरंध्री’ चित्रपट आणला. त्यांच्या हाताखाली शिकलेले शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले आणि 1929 मध्ये इथेच प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. सुतार, शिंपी, रंगारी, इलेक्ट्रिशियन, किती घरं त्यावर चालली असतील! 1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली, आणि कंपनीबरोबर कामंही गेली. तिच्या पुण्यातल्या स्टुडिओच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

‘महापालिकेचं कामच नाही’ हा मुद्दा तर दोन मिनिटांत मिटतो. 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. शहरांच्या कारभाराचे 18 विषय तिच्यात आहेत. चौथा रस्ते आणि पूल. तेरावा सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना. दोन्ही एकाच यादीत. मेसेज लिहिणाऱ्याने चौथा वाचला आणि यादी मिटली.

खड्ड्यांबद्दल मी भांडत नाही. पाठीचा मणका माझाही आहे. पण आगीनंतर पुनर्बांधणीसाठी राज्य सरकारने निधी जाहीर केला तो त्या कामासाठी. ते काम थांबवून तुमच्या गल्लीत डांबर पडणार नाही. खासगी माणसाला द्यायचं म्हणाल, तर तो भाडं वाढवणार. मग राज्य नाट्य स्पर्धेसाठी खिशातले पैसे घालून तालमी करणाऱ्या हौशी संस्थांनी कुठे जायचं?

एक गोष्ट मात्र मान्य करतो, नाइलाजाने. ‘स्थानिकांना रोजगार’ असं भाषणात म्हणायचं आणि काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं, हे होतं. तो आपली माणसं आणतो, आपले पाथरवट आणि सुतार बघत बसतात. तेव्हा टेंडरमध्येच लिहून घ्या: दगडकाम, लाकूडकाम, रंगमंचाची वायरिंग यांत इथले किती हात लागणार, आणि त्यांची मजुरी कधी मिळणार. मामा, हे मागणारा मेसेज तुम्ही लिहा. आपल्या ग्रुपवर पहिला मी टाकतो, आणि मावशीला फोन मात्र तुम्हीच करा.