त्या तुपाच्या मेसेजबद्दल, हात जोडून

इंदूरमधल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. पंधरा दिवसांत शुद्ध आली नाही तर पेशंट ब्रेनडेड समजा, हॉस्पिटलवाले बिलासाठी ठेवून घेतात. नाकात गाईचं कोमट तूप सोडा, तासाभरात डोळे उघडतील. आणि कोमात माणसाला सगळं ऐकू येतं. तो रामबागेतल्या माझ्या मामीपर्यंत पोचला. तिचा मुलगा बाइकवरून पडला, डोक्याला मार लागला, तेव्हापासून अंथरुणावर आहे. परवा मामी तुपाची वाटी पदराआड धरून त्याच्या खाटेशी उभी होती.

तुपाचंच आधी. अशा पेशंटला धड गिळता येत नाही, ठसकाही नीट लागत नाही. नाकात सोडलेलं तूप घशातून श्वासनळीत उतरतं आणि फुप्फुसात साचतं. स्निग्ध पदार्थ तिथून सहजी निघत नाही, न्यूमोनिया होतो. बेशुद्धीतून वाचलेली माणसं या न्यूमोनियानं जातात! नाकातून पोटात नळी घालतात ती याचसाठी. तोंडात चमचाभर गंगाजलसुद्धा नको. आणि डोळ्यांचं म्हणाल, तर कोमा बहुधा दोन-चार आठवड्यांत संपतो, डोळे आपोआप उघडतात. डोळे उघडले म्हणजे भान आलं असं नाही.

ब्रेनडेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला, हा शब्द ग्रीन कॉरिडॉरच्या (दान केलेले अवयव न्यायला रस्ता मोकळा करतात त्या) बातम्यांमुळे इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. पण ते ठरवायला 1994 चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आहे: चार डॉक्टरांचं पॅनल, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी. जो स्वतः श्वास घेतो तो ब्रेनडेड नसतोच. मामीचा मुलगा घेतो.

बिलं भरमसाट येतात, ते खरं.

ऐकू येण्यातही थोडं तथ्य आहे, मान्य करतो. 2024 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठा अभ्यास आला. सांगितलेलं काहीच न करणाऱ्या 241 पेशंटना मनातल्या मनात एखादी कृती करायला सांगितली आणि मेंदूचा एफएमआरआय (काम करणाऱ्या मेंदूचं स्कॅन) किंवा ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) पाहिला. 60 जणांच्या मेंदूनं सूचना पाळली होती. म्हणजे चारांत एक, सगळे नव्हेत. पण तुमचा माणूस त्या चारांतला कोण, हे खाटेशी उभं राहून कळत नाही. तेव्हा त्याच्यासमोर 'आता काय उरलंय' असलं बोलू नका.

आमच्याकडे कागदावर 'प्रतिसाद नाही' लिहिलं होतं. मग फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्याच्या चेहऱ्यासमोर चार-सहा इंचांवर आरसा धरून सावकाश डावीकडे नेला. बुबुळं आरशामागोमाग फिरली, हे भान असल्याचं लक्षण. भान किती आहे हे मोजायच्या कोमा रिकव्हरी स्केलमध्ये ही तपासणी असते. ती एकदाच करून भागत नाही, कारण भान येतं-जातं. डॉक्टरांना सांगून दोनेक आठवड्यांत किमान पाच वेळा करून घ्या.