निवृत्त पतीराजांसाठी काही सूचना

निवृत्त सद्गृहस्थहो, आपल्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन आपोआप सुरू होईल अशी आपली समजूत असेल, तर ती हयातीतच दूर करून घ्यावी. शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के ही रक्कम सरकारने ठरवलेली आहे हे खरे. ती पत्नीच्या हाती पडू द्यायची की नाही, हे मात्र बँकेच्या खिडकीपलीकडचे साहेब ठरवतात.

मरण्यासाठी मे महिना टाळावा. नागपुरातल्या त्या उन्हात पत्नीला फेऱ्या घालाव्या लागतील. नोव्हेंबरही टाळावा, कारण त्या महिन्यात हयातीच्या दाखल्यांची रांग लागलेली असते आणि जिवंत माणसांनाच आपण जिवंत असल्याचे पटवून देताना घाम फुटतो.

साहेब रजेवर आहेत, असे गृहीत धरूनच पत्नीने घरून निघावे.

पत्नीचे नाव सर्वत्र एकसारखे ठेवावे. माझे थोरले बंधू केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ते गेल्यावर वहिनींच्या आधारवर ‘शकुंतला’ आणि पीपीओत, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशात, ‘शकुंतलाबाई’ असल्याचे बँकेच्या लक्षात आले. या दोन निरनिराळ्या स्त्रिया नाहीत, असे प्रतिज्ञापत्र वहिनींनी करून दिले. त्यावर साहेबांनी वारस प्रमाणपत्र मागितले, म्हणजे 1827 च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालयात अर्ज करा, नोटीस निघू द्या, हरकतींची वाट पाहा. तेही कोणासाठी, तर जिचे नाव पीपीओवर छापलेले आहे, जिचा पतीसोबतचा जोडफोटो निवृत्तीच्या कागदांना चिकटवलेला आहे आणि जी त्याच शाखेत, त्याच संयुक्त खात्यावर, पतीच्या शेजारी उभी राहून वर्षानुवर्षे सही करत आली आहे, तिच्यासाठी! बंधूंचे पेन्शन थांबवायला मात्र यांना कशाचीच अडचण आली नाही. निधनाची बातमी वहिनींनीच प्रामाणिकपणे कळवली आणि जादा जमा झालेली रक्कम विनाविलंब परत वळती झाली. तेव्हा ‘शकुंतला’ कोण आणि ‘शकुंतलाबाई’ कोण, हे कोणी विचारले नाही.

झेरॉक्सच्या प्रती भरपूर काढून ठेवाव्यात.

पुनर्विवाह न केल्याचे लेखी निवेदनही पत्नीने तयार ठेवावे. वहिनींनी सत्तरी ओलांडली आहे. तो कागद पुढे सरकवताना त्यांनी मान वर केली नाही.

आता सूचना पुरे झाल्या. साहेब, पीपीओत पत्नीचे नाव असेल आणि निवृत्तिवेतन संयुक्त खात्यात जमा होत असेल, तर साधा अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, वयाचा पुरावा आणि जादा रक्कम परत करण्याची हमी एवढ्यावर काम सुरू करायचे असते, आणि नवे खातेही उघडायला लावायचे नसते. या सूचना बँकांसाठीच काढलेल्या आहेत. त्या वाचण्याचा तुम्हाला पगार मिळतो, आणि न वाचल्याचा भुर्दंड एक म्हातारी बाई औषधे उधारीवर आणून भरते आहे. हे काटेकोरपण नव्हे, हा निव्वळ आळस आहे, आणि त्याला नियमाचे नाव देताना तुम्हाला लाज वाटायला हवी. वारस प्रमाणपत्र हवेच असेल, तर ते कोणत्या नियमाखाली हवे ते लेखी द्या. देता येत नसेल, तर अर्ज आजच पुढे पाठवा आणि त्याची पोच वहिनींच्या हातात द्या.