'फायनाइट एलिमेंट'चं सोलापुरात काय काम?

बारावीच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या माहितीत प्राध्यापकांच्या नावांपुढे दिलेले संशोधनाचे विषय म्हणजे देखावा. सोलापूरशी या विषयांचा संबंध नाही, एकेकाचे तीन-तीन विषय, आणि पेपर तर पैसे भरून छापलेले.

'सोलापूरशी संबंध नाही', इथेच सगळं फसतं. त्या विषयांतलं 'एक्स्पान्सिव्ह सॉइल' वाचायला परदेशी वाटतं, पण ती आपली काळी माती. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या थरांत पाणी शिरलं की ते फुगतं, वाळलं की आक्रसतं. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच, आणि घराच्या भिंतीला तिरकी चीर जाते तीही बऱ्याचदा यामुळेच. (मालक म्हणतो, मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं. तेही असेल.) आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर काम केलं: फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकण मुरमासारख्या मातीचा पुरेसा जाड थर द्यायचा. काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तराखाली तो वापरतात. असा थर किती जाड हवा, पाया कुठे किती खचेल, हे जमिनीचे बारीक तुकडे कल्पून संगणकावर काढायचं, यालाच फायनाइट एलिमेंट म्हणतात.

तीन-तीन विषयांचं म्हणाल तर 'टेक्स्टाइल एफ्लुएंट' (म्हणजे कापडधंद्याचं सांडपाणी), 'रिॲक्टिव्ह डाय', 'ॲडसॉर्प्शन' ही एकाच नाल्याची तीन नावं. सूत रंगवताना रिॲक्टिव्ह रंगाचा काही भाग धाग्याला धरतच नाही, धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. त्या पाण्यातले रंगाचे रेणू कोळशासारख्या सच्छिद्र पदार्थावर चिकटवून काढायचे, हेच ॲडसॉर्प्शन, एवढाच मामला. चादरी-टॉवेलांच्या गावाला हे परकं वाटावं?

पैसे भरून छापण्याचा आरोप मात्र उडवून लावता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१० च्या नियमांत बढतीसाठी पेपरांना गुण मिळू लागले आणि तसल्या नियतकालिकांचा बाजार फोफावला. आवर घालायला २०१९ मध्ये यूजीसीची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. म्हणून ज्याचा पेपर आहे तो उघडून बघा: नमुने कुठून घेतले, काय मोजलं. 'सगळेच' म्हणणाऱ्यानं एक तरी उघडलाय का?

हा मेसेज मला पाठवणारे आमचे मामा गेल्या पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीची तीच चीर तिसऱ्यांदा बुजवत होते.